चार वाव शेपटी

मित्रांनो, उत्तरेच्या थंड समुद्रात वाहत गेलेला मी एक जुना तरंगता बोया आहे. माझे अंग पिवळे, सीलच्या डोक्याहून थोडे मोठे. खाली साठ मीटरची शेपटी आहे आणि तिच्यात ओळीने मणी ओवले आहेत. कोणत्या मण्याने किती खोलीवरच्या पाण्याची ऊब मोजायची हे ठरलेले होते. माझे आकडे उपग्रहाकडे जात आणि तिथून माणसांकडे.

उन्हाळ्यात एका जहाजाने मला सोडले. वाहत वाहत मी ग्रीनलंडच्या एका खाडीच्या तोंडाशी आलो, तेव्हा बर्फ आवळत आला आणि मी तिथेच गोठलो. किनाऱ्यावरच्या गावात शाळेत शिकवणारी अवियाक रोज सकाळी माझे आकडे उतरवून घेई आणि रेडिओवर वाचून दाखवी. खालची ऊब वर चढली की बर्फ पोटातून झिजतो. म्हणून कुत्र्यांच्या गाड्या जुंपण्याआधी शिकारी तिचा आवाज ऐकत. तेव्हा मला फार धन्य वाटे.

हिवाळ्याची लांबलचक रात्र संपून सूर्य परतला त्या आठवड्यात तिचा नवरा ओडाक आणि धाकटा दीर तोबियास माझ्यापाशी आले. त्यांना बर्फाखाली सीलसाठी जाळे लावायचे होते आणि माझी शेपटी नेमकी आड येत होती.

"वहिनीच्या लाडक्याला हात लावतोयस, दादा. आज जेवण मिळायचं नाही तुला."

"गप ओढ."

दोघांनी बर्फ फोडला, हात पसरून मोजत शेपटी चार वाव, म्हणजे सातेक मीटर, वर ओढली आणि वेटोळे करून माझ्या गळ्याशी बांधली.

"वहिनीला सांगायला हवं पण."

"सांगतो घरी गेल्यावर. आत्ता कळलं तर जाळंच काढायला लावेल."

"घाबरतोस बायकोला!"

"तुझं लग्न होऊ दे, मग बोल."

जाळ्यात लगेच दोन सील आले. त्या आनंदात सांगायचे राहून गेले.

मित्रांनो, त्यानंतरही मी एकही खोटा आकडा पाठवला नाही. पण माझे वरचे मणी आता बर्फावर, वाऱ्यात कुडकुडत होते. ते इतके गार पाहून अवियाकला वाटले, ते बर्फात गोठलेत, म्हणजे बर्फ जाड झाला. दहा मीटरचा मणी तर तीन मीटरवर लटकत होता. ऊब हळूहळू चढत त्याला येऊन लागली. मी तसे कळवले आणि तिने वाचले, "ऊब अजून दहा मीटरवर आहे. बर्फ जाड आहे, धरून आहे."

त्याच सकाळी तोबियास एकटाच निघाला. बर्फ ठोकून पाहण्याची लोखंडी काठी गाडीला बांधलेलीच राहिली. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर बर्फ खचला. आधी कुत्र्यांचा आवाज थांबला. "दादा!" अशी हाक दोनदा आली. मला तिला उत्तर देता येत नव्हते. पाण्याची ऊब तेवढी मी मोजत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शोधायला आलेली माणसे पोटावर सरपटत माझ्यापर्यंत पोहोचली. अवियाकने वेटोळे पाहिले.

"ही गाठ तुझी आहे."

ओडाक गाठ सोडू लागला.

"कधी?"

"सूर्य आला तेव्हा."

"तीन आठवडे मी रोज वाचत होते. रोज! तो माझ्या आवाजावर गेला, ओडाक."

तोबियास सापडला नाही.

आता मी शाळेच्या अडगळीत आहे. पिवळा रंग उडाला आहे. गावात रेडिओ लागतो, पण आकडे कुणी वाचत नाही. अवियाक आत येते, हवी ती वही घेते आणि माझ्याकडे न पाहता जाते. तिला मी दोष देत नाही.

मित्रांनो, तुमच्या कामात अडलो तर आम्हाला खुशाल बाजूला सारा. फक्त आमच्या शब्दावर जो घराबाहेर पडणार आहे, त्याला आधी जाऊन सांगा. आमची जागा बदलली, हे आम्हाला स्वतःहून कधीच सांगता येत नाही.