वरून

“बाई, पाणी किती सोडलंय एवढंच सांगा,” धरणावरचा गेटवाला फोनमध्ये म्हणाला.

“काका, तुमचं धरण आता आमच्याकडे नाही,” राजधानीतल्या पाटबंधारे खात्यातली बाई शांतपणे म्हणाली. “तुमच्याच नगराध्यक्षांनी कळवलंय, यापुढे वरून काही नको.”

नगराध्यक्षांना नको होते ते वरचे हुकूम. गेल्या महिन्यात धरण नगरपालिकेच्या ताब्यात आलं, तेव्हा भाषणात ते म्हणालेही होते की आता उंटावरून शेळ्या हाकणं बंद. टाळ्या पडल्या. गेटवाल्यानेही वाजवल्या, उभा जन्म त्याने दुसऱ्याच्या हुकमाने गेटांची चाकं फिरवली होती. पण नदीवर वरच्या अंगाला आणखी धरणं होती. त्यांचं पाणी सुटलं की राजधानीतून फोन यायचा, “वरून सोडलंय.” हुकमांबरोबर तो निरोपही बंद होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

इथे लख्ख ऊन पडलं होतं. तरी सकाळपासून पाणी गढूळ येत होतं आणि आता त्यात कुणाच्या तरी घराचं दार तरंगत आलं. गेटवाल्याने नगराध्यक्षांना फोन लावला.

“मामा, आभाळात ढग नाही,” ते म्हणाले. “उगाच गेटं उघडलीत तर खालची आळी बुडेल. बघा बुवा, जबाबदारी तुमची.”

म्हणजे अधिकार नगरपालिकेचे आणि जबाबदारी मामांची.

खालच्या आळीत त्याची लेक राहत होती, नुकतीच बाळंत झालेली. गेटं उघडली तर तिचं घर जाणार. न उघडता भिंत फुटली, तर सगळं गावच. त्याने तिला फोन केला.

“बाळाला घे, सगळ्या आळीला घे आणि टेकडीवर जा.”

“बाबा, वरून फोन आला का?”

लहानपणापासून तिला हाच प्रश्न ठाऊक होता. खरं सांगितलं असतं तर आळीतलं कुणी जागचं हललं नसतं.

“आला,” तो म्हणाला.

टेकडीवर माणसं दिसेपर्यंत तो जीव मुठीत धरून थांबला. मग त्याने एकेक करून सगळी चाकं फिरवली.

उन्हं कलली तेव्हा लेकीच्या घराची नुसती कौलं दिसत होती. फोन वाजला.

“खालची आळी गेली, मामा,” नगराध्यक्ष म्हणाले. “कुणाच्या हुकमाने उघडलीत गेटं?”

गेटवाल्याने खिडकीतून पाहिलं. गेटं उघडी असूनही धरणातलं पाणी चढतच होतं.

“वरून आलं, साहेब,” तो म्हणाला.