नाव घ्यायचं नसतंय

फीट येऊन मी चुलीवर कोसळले, त्याला येत्या उन्हाळ्यात वर्ष होईल. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या आणि फीट थांबली. पण त्याच गोळ्यांनी एकेक शब्द जायला लागला. आधी उलथनं गेलं, मग परात. "भक्ती, ते दे गं... ते, पीठ मळायचं," म्हटलं की सून हसायची. "आत्याबाई, कोडी घालायलाव का आमाला?" मीही हसायचे. सगळ्या गल्लीला पुरून उरलेलं तोंड. थोडी विश्रांती मिळाली तर बिघडलं कुठं?

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. दिवाळीपासून मला मालकांचं नाव आठवत नव्हतं.

कळणार तरी कुणाला? तीस वर्षांत मी ते घेतलंच नव्हतं. 'अहो' आणि 'निकिताचे पप्पा', एवढ्यावर संसार झाला.

सांगावं, तर गोळी बंद होईल आणि पुन्हा फीट. न सांगावं, तर उद्या लेकीचंही नाव जाईल. पिंगळीहून तपासणीला निघाले ती हेच मनात घेऊन.

दवाखान्याच्या खिडकीवरल्या बाईनं विचारलं, "पतीचं नाव?"

मी उगाच पदर सारखा केला.

"ती घेत न्हाई माझं नाव," हे कौतुकानं म्हणाले. "जुन्या वळणाची हाय." आणि स्वतःच सांगितलं. मी कान देऊन ऐकलं, ओठातल्या ओठात घोळवत नेलं. बाकावर बसेपर्यंत सांडलं.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोलताना शब्द सापडतात ना?"

"सापडतात म्हंजे? लय बोलती!" उत्तर ह्यांनीच दिलं.

"मला बोलू द्या," मी म्हणाले. "बाई, मला ह्यांचं नाव आठवत न्हाई."

हे हसले. "आमच्यात घ्यायचं नसतंय, म्याडम."

"घ्यायचं नसतंय ते येगळं. माझ्याजवळ ते न्हाईच."

ह्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. आवरायचं सुचेना त्यांना.

"गोळीमुळं होतं असं. आधी का नाही सांगितलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनानं बंद करू नका. ही हळूहळू कमी करू, दुसरी सुरू करू. मधल्या काळात फीट येऊ शकते. चुलीपाशी, विहिरीवर एकटं जायचं नाही."

"गेलेलं परत येईल का?"

"बहुतेक येईल."

हा 'बहुतेक' मात्र पक्का लक्षात राहिला. नको ते बरोबर राहतं.

आम्ही रिक्षानं निघालो. स्टेशन आलं तेव्हा रस्त्याकडं बघत म्हणाले, "मग इतके दिस मनात कुणाशी बोलायलीस?"

"तुमच्याशीच की."

त्यांनी मान हलवली. नाव काही पुन्हा सांगितलं नाही. मी विचारीन म्हणून ते थांबले असतील, आणि ते सांगतील म्हणून मी. गाडी आली. डब्यात शिरताना त्यांनी माझं मनगट धरलं, आणि पिंगळी येईपर्यंत सोडलं नाही.