लाल रंगातली रश्मी

स्वतःची फजिती रंगवून सांगणारा मास्तर विरळाच, पण धम्मपाल सर सांगतात. म्हणतात, एवढी मेहनत घेऊन मूर्खपणा केला, तो वाया कशाला घालवू?

तेलंगणातल्या भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, त्यांच्या मराठी शाळेत चौथीची पोरं घरच्या मोबाइलवर गणितं सोडवत. कोण किती वेळ बसलं, कुणाचं किती चुकलं, ते सरांच्या मोबाइलवर डॅशबोर्डात उमटे. हिरवा म्हणजे हुशार, पिवळा म्हणजे चालेल, लाल म्हणजे आनंदीआनंद. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सरांना मुळात भाषणाची हौस, त्यात मंडलाच्या बैठकीत साहेबांनी त्यांना पुढं बोलावलं. "घरी बसून मी प्रत्येक पोराची नाडी पाहतो," असं सर छाती फुगवून म्हणाले. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी शेळ्यांचाही आलेख काढला असता.

मग निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी पोरं निवडायची वेळ आली. गावातली शाळा पाचवीपर्यंतच, आणि निवासी शाळेत घेत ते चौथीनंतरच. पुढं ती निवासी शाळा, नाहीतर आईमागं कापूस वेचायला. रश्मी दिवाळीपर्यंत हिरवी होती, नंतर जी लाल झाली ती लालच. सरांनी तिचं नाव गाळलं. पण माणूस अगदीच दगड नव्हता. पोरीच्या आईला तोंडानं सांगावं म्हणून रविवारी ते भागाबाईच्या अंगणात जाऊन बसले.

"भागाबाई, पोरीचं ध्यान नाही अभ्यासात."

"काऊन जी? रोज तं करते. माहा मोबाइल मलेच भेटत नाही."

"आणा इकडं. किती सोपं हाय, मीच दाखवतो."

सर ऐटीत गणितं सोडवू लागले. अ, ब, क, ड असे पर्याय एकाखाली एक होते. पहिल्याचं उत्तर क. त्यांनी क दाबला. काहीच होईना. जोरात दाबला, अंगठ्यानं दाबला, फुंकर मारून दाबला. वेळ संपली, उत्तर चूक. दुसरं बरोबर आलं, कारण ते अ होतं. तिसऱ्याचं ड, पुन्हा तीच गत. सगळी गणितं संपली तेव्हा बी.एड. झालेले, चौथीला गणित शिकवणारे धम्मपाल सर लालबुंद पडद्याकडं बघत होते. खाली लिहिलं होतं: 'तुमचा पाया कच्चा आहे. आपल्या शिक्षकांना भेटा.'

भागाबाई म्हणाली, "दिवाळीच्या वेचणीत ओटीतून पडला जी. तवापासून खालचं दाबल्याच जात नाही. बोलाले चालते."

सरांनी स्वतःचा मोबाइल काढून रश्मीचे जुने पेपर उघडले. आजवर त्यांनी नुसता रंग पाहिला होता, आत कधी शिरलेच नव्हते. दिवाळीपासून पोरीनं एकदाही क किंवा ड निवडला नव्हता. अ आणि ब मात्र एकूण एक बरोबर. नाडी पाहणाऱ्या वैद्यानं रोग्याचा हात कधी धरलाच नव्हता. सरांना लाज वाटली, अगदी खरीखुरी.

दाराआडून बघणाऱ्या रश्मीला बोलावून त्यांनी आपला मोबाइल तिच्यापुढं धरला. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि बोटं मोजत, ओठ हलवत तिनं सगळी गणितं सोडवली. एकच चुकलं. सरांनी तिथंच निवडीत तिचं नाव घातलं आणि भागाबाईला दोनदा वाचून दाखवलं. मग जीव हलका झाल्यावर मास्तरकी परत आली.

"काऊन वो पोरी, एवढं झालं तं मले सांगाचं नाही का?"

रश्मीनं आईकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सांगाले आलती ना सर. तुमी मोबाइल पाहून राह्यले होते. म्हणले, थांब जराशी, तुहीच प्रगती पाहून राह्यलो."