कालवांचा दाखला

"भिंत चार फूट म्हणजे चार फूट," इंजिनेर हर्षवर्धनसाहेब बोलला, आनि कार्मिनबायनं हातातला कोयता बांधावर टेकला. तवाच मी समजलो, हा मानूस आज कोरडा घरी जात नाय.

आमच्या गास गावच्या खाजनात, म्हंजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, बांधाचं लाकडी दार कुजलेलं. त्या जागी सरकारी भिंत आनि लोखंडी दार व्हायचं होतं. लागूनच कार्मिनबायचं शेत. खारं पानी एकदा शिरलं की तीन वरसं भाताचं नाव घ्यायचं नाय. आनि दुसरी जमीन तिला नाय.

साहेबानं लॅपटॉप उघडला. "मावशी, चार दिवस माणूस बसवून पाणी मोजलंय. सगळ्यात मोठी भरती ह्या खांबावरच्या लाल रेघेपर्यंत. वर एक फूट जादा धरलाय. शास्त्रीय पुरावा आहे."

"कंचे चार दिस?"

"सात ते दहा तारीख."

"म्हंजे अष्टमी-नवमी. अरे बाबा, ते भांगाचे दिस! खाडी तवा उपासाला बसलेली असते. उपाशी मानसाचं पोट मापून त्याला सदरा शिवतोयस तू?"

"हे अनुभवाचं बोलणं झालं. मला पुरावा लागतो."

"पुराव्यालाच टेकून उभा हायस."

साहेब दचकून बाजूला झाला. जुन्या दगडी खांबाला कालवं चिकटलेली, लाल रेघेच्या दोन वीत वर.

"कालव बुडल्याबिगर जगत नाय. तुझं पानी रेघेवर थांबतं, मग ही वरची काय नळाचं पितात? आनि उधानाचं पानी त्यांच्याबी डोक्यावरनं जातं."

साहेब काय कमी नाय. "मेलेले शिंपले असतील जुने."

बायनं कोयत्यानं एक उचकटलं. आतलं खारं पानी चिळकांडी मारून साहेबाच्या चष्म्यावर.

"मेलेलं थुकतं व्हय रे?"

"एका खांबावरून सिद्ध होत नाही. सॅम्पल कमी आहे."

"मग चल."

गुडघाभर चिखलातनं बायनं त्याला खाडीतले सहा खांब फिरवला. एक बूट खाडीनं ठेवून घेतला. दर खांबाला टेप लावला, कालवं तेवढीच वर. सहाव्याला साहेबानं गुपचूप वहीत लिवलं: उधानाचं पानी धरून भिंत सात फूट.

रिपोर्टात छापून आलं, "जैविक निर्देशकांच्या सखोल अभ्यासाअंती." अभ्यास साहेबाचा, चिखल आमचा. कार्मिनबायचं नाव कुठं नाय.

भिंत झाली. आषाढाच्या अवसेला मोठे साहेब उद्घाटनाला आले नि अडले. "तीन फूट जादा कशाला? पुरावा दाखवा."

हर्षवर्धननं ऐटीत खांब दाखवला. खांब गुळगुळीत! पाहुने येनार म्हनून ठेकेदाराच्या मानसांनी खरवडून वर पिवळा रंग मारलेला. पोराचं तोंड खांबाहून पिवळं.

"कालवं कुठं गेली?"

"खाल्ली आमी," कार्मिनबाय बोलली. "कांद्यावर परतून. खरवडलेली काय फेकायची? पन साहेब, दुसरा पुरावा एक वाजता येतोय. तुमी असेच भिंतीच्या खाडीकडच्या अंगाला उभे रावा, बरोबर समजंल."

मोठ्या साहेबानं घड्याळ बघितलं. साडेदहा, नि बुटाशी पानी आलेलं. विजार वर धरून आमच्या शेताकडच्या अंगाला आला नि घाईघाईनं नारळ फोडला.

एक वाजता पानी सहा फुटांच्या वर चढलं, भिंतीला धडका द्यायला लागलं. सगळे मोबाईल काढून बघत बसले. कार्मिनबाय शेतात वाकून लावनी करत होती. तिनं मान वर केली नाय.