मेहेकनं थांबवलेलं रॉकेट

पाटोद्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या शफीभाईंची मुलगी मेहेक अभियंता झाली आणि समुद्रकाठच्या रॉकेट केंद्रात नोकरीला लागली. यंदा एकाच रॉकेटमधून दोन दळणवळण उपग्रह जाणार होते. वर गेल्यावर ते एकामागून एक सुटतील ना, हे तपासणाऱ्या चौघांत ती सगळ्यात धाकटी.

सोमवारी उड्डाणाला चौदा मिनिटं उरली असताना तिनं हात वर केला. दुसऱ्या उपग्रहाला धरून ठेवणाऱ्या पकडीचा आकडा पडद्यावर सारखा हलत होता. फरक किरकोळ आहे, पुढं जाऊ, असं वरिष्ठ म्हणाले.

"मी होकार देणार नाही, सर," मेहेक म्हणाली.

चौघांचाही होकार लागायचा, म्हणून उलटी मोजणी थांबली. तिनं घरी कळवलं, आणि बाजारात पसरायला कितीसा वेळ? शेजारचे बियाणं विकणारे बद्रीनाथ हसत आले. "शफीभाई, लेकीनं रॉकेटच बंद पाडलं म्हना की!"

शफीभाईंनी फोन लावला. "कावून थांबवलंस, बेटा?"

"अब्बा, वर गेल्यावर पाना घेऊन कुनाला जाता येत न्हाई."

"मंग बरोबर केलंस."

तिकडं केंद्रात पकड उघडली, तर आत एक वायर तुटायला आलेली. ती बदलली.

शुक्रवारी सकाळी बद्रीनाथांनीच आपला टीव्ही गॅरेजसमोर मांडला. पन्नासेक माणसं जमली. रॉकेट जाळ ओकत उठलं, ढगात शिरलं. सतराव्या मिनिटाला पहिला उपग्रह सुटला तशा शिट्ट्या वाजल्या. शफीभाई जागचे हलले नाहीत.

"दुसरा राह्यलाय अजून."

त्यांची बायको रुकसाना कधी नव्हे ती गॅरेजवर आली होती. तिनं सगळ्यांसमोर त्यांचा ग्रीसनं माखलेला हात घट्ट धरला. पाच मिनिटं गेली.

"दुसरा उपग्रहही कक्षेत!" टीव्हीवरून आवाज आला.

पाटोद्याचा बाजार दणाणला. पडद्यावर मेहेक दिसली. तेच वरिष्ठ दोन्ही हातांनी तिचा हात हलवत होते.

"शफीभाई, लई चुकलो मी," म्हणत बद्रीनाथांनी त्यांना मिठी मारली.

तेवढ्यात फोन आला. "अब्बा, दोन्ही सुटले! ऐकताव ना?"

शफीभाईंनी फोन डोक्यावर उंच धरला, आणि सगळं पाटोदा तिच्या नावानं ओरडत राहिलं.