रहेमान नालबंदाची ऐरण

मित्रांनो, मी एक जुनी ऐरण आहे. रेल्वेच्या मोडीत निघालेल्या लोखंडातून मला घडवले गेले. इतके घाव सोसले, की माझ्या पाठीला खळगा पडला आहे. पण आज मी माझे रडगाणे गाणार नाही. ज्याच्या हातचे घाव मी सोसले, त्या रहेमान नालबंदाची हकिगत मला सांगायची आहे. नाशकात ती टांगेवाल्यांना ठाऊक आहे, पण तेही ती दबक्या आवाजात सांगतात.

भद्रकालीजवळ त्याचे दुकान होते. दुकान कसले, घराचाच पुढचा खण. मागच्या दाराआड रोशनबीचा आणि त्याचा संसार, पुढच्या दारात भट्टी, भाता आणि मी. रस्त्यापलीकडे टांग्यांचा अड्डा आणि घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद. घोड्यांना नाल ठोकणे हा रहेमानचा पिढीजात धंदा. अडेल घोड्याच्या मानेवर त्याने नुसता हात ठेवला, की घोडा आपण होऊन पाय उचलून देई. "रहेमानचाचाचा नाल झिजंल, पण निघायचा नाय," असे टांगेवाले म्हणत. ते ऐकून मलाही मिरवावेसे वाटे. तो नाल माझ्याच अंगावर वळलेला असे ना!

चौदा सालची मोठी लढाई पेटली तेव्हा तो देवळालीच्या छावणीतून पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेला, खेचरांना नाल मारायला. मी मागे गंजत पडले. तो परतला तेव्हा छातीवर बिल्ला होता, पण बोलणे तुटक झाले होते. लोकांनी विचारले तर तो खजुराची झाडे आणि वाळूची वादळे सांगे. खेचरांचे काय झाले असे कोणी विचारले, की तो तोंड फिरवून भाता ओढू लागे.

त्या प्रश्नाचे उत्तर मला छत्तीस सालच्या हिवाळ्यात मिळाले.

नाथा हा सायखेड्याचा टांगेवाला. आदल्याच दिवशी त्याने एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घोडी घेतली होती. तिचे नाव मैना. तांबूस रंगाची, देखणी. दुपारी तो तिला घेऊन हौसेने दुकानात आला. रहेमान तिच्या पुढच्या पायाचा खूर घासू लागला. घोडी बुजली, कानस निसटली आणि रहेमानच्या अंगठ्याचे साल निघाले. त्याच क्षणी मैना जोरात फुरफुरली. तिच्या नाकातली पिवळी घाण त्याच्या हातावर उडाली.

रहेमानने पाय हळूच खाली सोडला. तिच्या जबड्याखाली बोटे फिरवली. मग तिचे तोंड उजेडाकडे वळवून तो नाकपुडीत पाहत राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"नाथा, हिचं नाक कधीपासून गळतंय?"

"घेतली तवाच गळत हुतं. इकणारा म्हनला, पडसं हाय."

"समोरच्या हौदावर पाणी पाजलंस?"

"अजून नाय. आता नेतोच. का वो चाचा?"

"नेऊ नको. हा शेंबा आहे. याला दवा नाही. बसऱ्याला एका खेचराला झाला आणि एका हौदावर पाणी पिणारी सगळी खेचरं गेली. जी उरली त्यांना गोळ्या घातल्या. लगाम मी धरले होते, नाथा. माणसालाही सोडत नाही हा रोग. माझा जोडीदार नियाज तिथंच गेला."

नाथाचे डोळे लाल झाले. "म्हंजी माझ्या मैनेला गोळी घालायला लावता व्हय? पडश्याची घोडी हाय ती! जलमभर नाल मारून म्हातारपणी डोकं फिरलंय तुमचं!" असे म्हणून त्याने घोडी ओढली आणि तो तडक हौदाकडे निघाला.

रहेमानने आत हाक दिली, "रोशन, जनावरांच्या दवाखान्यात जा. डॉक्टरसाहेबांना म्हणावं, शेंबा आलाय!" रोशनबी बुरखा सावरत धावली. आणि हा साठी उलटलेला माणूस भट्टीतली तापलेली सळई उचलून हौदापुढे जाऊन उभा राहिला.

मला समोर सगळे दिसत होते. टांगेवाले जमले. शिव्या सुरू झाल्या. कोणी दगड मारला, त्याच्या कपाळातून रक्त आले. तो जागचा हलला नाही. सळई थंड पडली तरी ती त्याने खाली केली नाही. डॉक्टर आले, त्यांनी तपासले आणि मान हलवली. घोडीला गावाबाहेर नेले. थोड्या वेळाने बंदुकीचा बार ऐकू आला. नाथा रिकामा लगाम खांद्यावर टाकून निघून गेला.

रहेमान दुकानात परतला. त्याने सळई पुन्हा लाल केली, आपला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि अंगठ्याच्या जखमेला डाग दिला. मित्रांनो, माझ्या पाठीवर हजारो नाल वळले, पण तो चर्र आवाज मी विसरू शकत नाही.

त्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकेना. शेंब्याचे दुकान म्हणून टांगेवाले दुसरीकडे नाल मारून घेऊ लागले. येणारे-जाणारे दुकानाकडे पाहून थुंकत. आणि रहेमानचा अंगठा बरा होईना. आधी मनगटावर गाठ आली, मग कोपरावर. ताप चढू लागला. एके सकाळी त्याने आपली बाज दुकानात ओढली आणि आतल्या दाराला कडी घातली. डॉक्टर येत, तपासत आणि शेंबाच आहे एवढे सांगून जात.

"दार उघडा हो," रोशनबी पलीकडून रडे. "निदान कपाळावर ओली पट्टी ठेवू द्या."

"तू तिकडे आहेस हेच माझं औषध," तो म्हणे. "जेवण उंबऱ्यावर ठेव आणि हात धू."

नाथाच्या कानावर हे गेले तेव्हा तो पुढच्या दाराशी येऊन उभा राहिला. 

"चाचा, माझ्यापायी झालं हे."

"रोग तुझ्या घरचा नव्हता, बेटा. अड्ड्यावरची जनावरं कशी आहेत?"

"समदी धडधाकट हायत."

रहेमानने डोळे मिटले. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा मी असा सैल झालेला पाहिला नव्हता. "मग या खेपेला कुणाचे लगाम धरावे लागले नाहीत," तो पुटपुटला.

दोन दिवसांनी तो गेला. टांगेवाले मयतीला आले, पण मान वर करून रोशनबीकडे पाहायची त्यांची छाती झाली नाही. डॉक्टरांच्या हुकमाने बाज, भाता, चामड्याचा पट्टा, सारे जाळले. मी लोखंडाची, म्हणून आगीतून वाचले.

नाथा आता दुसऱ्याचा टांगा हाकतो. पण सकाळी सगळ्यांत आधी तो हौदापाशी उभा राहतो आणि प्रत्येक घोड्याचे नाक पाहतो. परवा त्याने एक घोडा अडवला. मालकाने आईबहीण काढली. डॉक्टरांना बोलावले, तर निघाले साधे पडसे. सगळा अड्डा नाथाला हसला.

"हसा," नाथा म्हणाला. "पडसंच निघू दे. रोज पडसंच निघू दे."

मित्रांनो, मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते ओळखून कोणी वाईट बातमी आणली, तर त्याच्यावर दगड उचलण्याआधी एकदा तरी त्याचे ऐकून घ्या.