गुलाबांच्या मागचं पाणी

दोष बाबांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात ते कोणी तोंडावर बोलत नाही. एकीने बोलून पाहिलं, तर तिला ‘मोठ्यांशी कसं बोलावं’ यावर पाऊण तास ऐकावं लागलं.

मी पंप बोलतोय. तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात बसतो, उंचीने बादलीएवढा. खड्ड्यात पाणी चढलं की माझा फ्लोट तरंगून वर येतो, मी सुरू होतो आणि पाणी पाइपातून घराबाहेर ढकलतो. पाणी उतरलं की गप्प बसतो. एवढंच काम. मधल्या वेळात ऐकतो. तळघरात वरच्या घरातलं सगळं ऐकू येतं, हे वरच्यांना माहीत नसतं.

कारखान्यातून निघताना एका बाईंनी मला टाकीत बुडवून चालवून पाहिलं आणि पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. ते माझं एकमेव प्रशस्तिपत्र. पुढे आठ महिने दुकानात कमोडच्या शेजारी काढले. त्याबद्दल फार बोलत नाही.

तिथून मला उचललं ते लेकीने. तिने कॉलेज मधेच सोडलं होतं आणि पुस्तकबांधणी शिकली होती. जुनी, फाटकी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा आणि कापड चढवायचं. बाबांच्या मते हे काम नव्हतं, चाळा होता. वर एक खोली रिकामी होती, पण ती पाहुण्यांची. त्या घरात पाहुणे मी आल्यापासून एकदाही मुक्कामाला आले नाहीत, पण खोली त्यांचीच. म्हणून लेकीला तळघर मिळालं. आणि तळघराच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं.

“झिरपत नाहीये. हवेतला ओलावा आहे,” बाबा म्हणाले.

“बाबा, ओलाव्यात माझी चप्पल तरंगतेय.”

आता बाबांची अडचण समजून घ्या. ते जमीन मोजणीच्या खात्यात तीस वर्षं होते. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. काही वर्षांपूर्वी समोरच्या काकांच्या तळघरात पाणी शिरलं, तेव्हा बाबांनी चारचौघांत त्यांना सांगितलं होतं, “माझ्या तळघरात काडेपेटी वर्षभर ठेवा. पहिल्या फटक्याला काडी पेटली नाही तर नाव बदलीन.” वाक्य झकास होतं. गल्लीत लोकांना अजून आठवतं. बाबांनाही आठवत होतं, तेच तर दुखणं.

लेकीने प्लंबरला बोलावलं. तो हसतमुख माणूस. त्याने फरशी फोडली, खड्डा केला, तळाला खडी टाकली, मला सरळ बसवलं, पाणी उलट येऊ नये म्हणून पाइपात झडप लावली आणि पाइप भिंतीतून बाहेर काढला. मग अंगणात उभा राहून म्हणाला, “साहेब, आता हा सरळ रस्त्याच्या गटारापर्यंत नेऊ. वीस पावलं आहेत.”

“नको. इथेच सोड. गुलाबांच्या मागे.”

“भिंतीला लागून? अहो, अंगणाचा उतार घराकडे आहे. तेच पाणी फिरून परत आत येईल.”

“उतार तू मला शिकवणार? तीस वर्षं मी उतारच मोजलेत.”

“लोकांचे मोजलेत ना, साहेब?” प्लंबर हसून म्हणाला.

आईने तेवढ्यात चहा आणला, म्हणून प्रकरण तिथेच निवलं. पण पाइप गुलाबांच्या मागेच संपला. रस्त्यावर पाणी वाहताना समोरच्या काकांनी बघितलं असतं ना! तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेला माणूस स्वतःच्या अंगणाला सपाट म्हणाला, आणि आम्हा सगळ्यांना ते मान्य करावं लागलं.

मग पाऊस लागला आणि माझा घाण्याचा बैल झाला. मी पाणी बाहेर फेकायचो, ते गुलाबांच्या मुळाशी मुरायचं, भिंतीच्या भेगेतून आत यायचं आणि खड्ड्यात पुन्हा माझ्याच पायाशी. थेंबांचे चेहरे ओळखीचे झाले होते. बरं, मी चालत होतो तोवर पाणी फरशीवर येत नव्हतं, पण दम खायला दोन मिनिटंही मिळत नव्हती. गुलाब मात्र असे फुलले की विचारू नका.

लेकीला संशय आला. तिच्याकडे बांधणीचं कापड रंगवायचा निळा रंग होता. अर्धी बाटली तिने माझ्या खड्ड्यात ओतली आणि घड्याळ लावून भेगेसमोर बसली. चाळीस मिनिटांत भिंतीतून निळा ओघळ आला.

तिने बाबांना हाताला धरून खाली आणलं. “बघा. हे आपलंच पाणी आहे.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “जमिनीत खनिजं असतात,” ते म्हणाले.

“निळी?”

“तू शिक्षण पुरं केलं असतंस तर तुला माहीत असतं.”

आई जिन्यातून म्हणाली, “अहो, एक पाइप लांबवायचाय. सोन्याची खाण नाही काढायची.” त्यावर बाबा वर निघून गेले. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की जिना सुचतो.

लेकीने तेव्हा भांडण वाढवलं नाही, कारण तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. वाचनालयाची शंभर जुनी पुस्तकं. त्यातली काही अशी, की त्यांची दुसरी प्रत वाचनालयाकडे नव्हती. हे काम नीट झालं तर पुढचं सगळं काम तिलाच मिळणार होतं. तेव्हा तो चाळा आहे असं म्हणायची सोय उरली नसती. आठ-आठ तास ती माझ्या शेजारी बसून शिवायची. मी घरघरायचो, ती गुणगुणायची. आमचं बरं चाललं होतं.

साठ पुस्तकं तयार झाली, तेव्हा ती पोचवायला निघाली. उरलेली मांडणीच्या खालच्या फळीवर होती, दाबाखाली वाळत. जाताना बाबांना म्हणाली, “एकच काम करा. पंपाच्या जिन्यातल्या बटणाला हात लावू नका.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

दुपारी समोरचे काका बुद्धिबळाला आले. बाहेर पावसाची झड. मी खाली जीव तोडून चाललेलो.

“मोजणीसाहेब, ही कसली हो घरघर?” काकांनी विचारलं.

“फ्रिज,” बाबा म्हणाले. “जुना झालाय.”

आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, जिन्याशी आले आणि माझं बटण बंद केलं.

मी थांबलो. वर डाव रंगला. बाबा जिंकत होते, त्यामुळे दुसराही मांडला. इकडे पाणी खड्ड्याच्या काठाशी आलं, फरशीवर पसरलं, टेबलाच्या पायांना लागलं. फ्लोट कधीचा वर येऊन तरंगत होता, पण विजेशिवाय मी म्हणजे नुसतं लोखंड. पाणी अजून फिकट निळं होतं. तो रंग जाणार तरी कुठे होता? तेच पाणी आम्ही दोन आठवडे फिरवत होतो. ते खालच्या फळीवर चढताना मी पाहिलं. कागद पाणी पितो तेव्हा आवाज होत नाही.

लेक परतली ती खुशीत. वाचनालयाने आणखी काम देऊ केलं होतं. हे जिन्यात ओरडून सांगत ती खाली उतरली आणि खालून तिसऱ्या पायरीवर तिचा पाय पाण्यात गेला.

सगळे धावले. आईने पदर खोचला. समोरचे काका विजार दुमडून सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरले आणि पुस्तकं वर देऊ लागले. देता देता म्हणाले, “तरी म्हटलं, फ्रिज तळघरात कशाला ठेवला! अहो, माझ्याकडे दोन पंप आहेत. विचारायचं तरी.” मग पुढचं पुस्तक वर देत, “काडेपेटी आणू का?”

हसलं कोणी नाही. खरं तर काकाही नाही. बाबा पायरीवर उभे होते, हातात अजून घोडा होता.

लेक ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, “बंद कोणी केला?” बाबा म्हणाले, “आवाज फार येत होता.”

दुसऱ्या दिवशी प्लंबरने पाइप रस्त्याच्या गटारापर्यंत नेला. वीस पावलं. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत पाणी गटारात पडलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. एक कुत्रा तेवढा थांबला, वास घेऊन गेला.

आता मला भरपूर आराम आहे. पावसात तासाला एकदा चालतो, एरवी डुलक्या काढतो. माझा कोणी भाऊबंद तुमच्या घरी असेल तर एवढंच करा. खड्ड्यातला गाळ वर्षातून एकदा काढा, फ्लोट मोकळा ठेवा आणि पाणी घरापासून लांब सोडा. लाज वाटली तरी लांब सोडा.

बाबा रोज संध्याकाळी खाली येतात. पायरीवर बसतात, फरशीला हात लावून बघतात. कालपरवा त्यांनी खिशातून काडेपेटी काढून एक काडी ओढली. पहिल्या फटक्याला पेटली. दाखवायला कोणी नव्हतं. ती विझेपर्यंत त्यांनी धरून ठेवली.

एकोणतीस पुस्तकं गेली. त्यातली चार पुन्हा कुठेच मिळाली नाहीत. लेकीने बाजारात तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली आणि ती तिथेच राहते. तळघर कोरडं आहे.